घरच्या घरी पुशअप : आकडा चाळिसावर गेला, छाती मात्र आहे तिथेच

खाडीपलीकडे
८ फेब्रुवारी, रात्री १०.४०

नमस्कार. मी कळव्यात राहतो. वय ३४, उंची ५ फूट ७ इंच, वजन ६८ किलो. नोकरी ऐरोलीला असल्याने सकाळी साडेसातला घर सोडतो, ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडतो आणि परत यायला रात्रीचे साडेआठ होतात. व्यायामशाळेचे वर्षभराचे पैसे मी दोनदा भरले आणि दोन्ही वेळा दीड महिन्यापलीकडे जाणे जमले नाही. म्हणून गेल्या सप्टेंबरपासून घरीच पुशअप काढायला सुरुवात केली.

पहिल्या आठवड्यात जेमतेम बारा निघत होते, आज सलग चाळीस निघतात. चाळीस हाच आकडा डोक्यात बसण्याचे कारण म्हणजे २०१९ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील अग्निशमन दलाच्या जवानांचा अभ्यास. त्यात ११०४ पुरुषांची नोंद होती आणि चाळीसहून अधिक पुशअप काढणाऱ्यांना पुढील दहा वर्षांत हृदयविकाराचा त्रास होण्याचे प्रमाण दहापेक्षा कमी काढणाऱ्यांच्या मानाने ९६ टक्के कमी आढळले होते. तो आकडा गाठला याचा आनंद आहेच, पण सप्टेंबरमधील आणि आताचा फोटो शेजारी ठेवला तर छातीत काहीही फरक दिसत नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. नुसत्या पुशअपने छातीचे स्नायू खरोखर वाढतात का, आणि वाढत असतील तर पाच महिने रोज न चुकता केलेल्या माझ्या व्यायामात नेमके काय चुकले? जागा पलंग आणि भिंत यांच्यामध्ये आहे तेवढीच, साधारण अडीच फूट रुंद.


सागरविहार
८ फेब्रुवारी, रात्री ११.२५

वाशीत गेली अकरा वर्षे लोकांकडून व्यायाम करून घेतो आहे, त्या अनुभवावरून लिहितो. पुशअपने छाती वाढते. तुमची वाढली नाही, कारण तुम्ही पुशअपचा आकडा वाढवत नेलात. त्याची अवघडाई वाढवली नाही.

पहिल्या काही आठवड्यांत बाराचे वीस, वीसचे पंचवीस होतात, तेव्हा स्नायू फारसा वाढलेला नसतो. मेंदू आणि मज्जातंतू ती हालचाल शिकतात, कोणत्या तंतूंना केव्हा कामाला लावायचे हे शरीराला उमगते आणि त्याच स्नायूतून जास्त काम निघू लागते. स्नायूची जाडी वाढण्यासाठी त्यावर पुरेसा ताण यावा लागतो आणि तो ताण थकव्याच्या अगदी जवळ जाईपर्यंत टिकावा लागतो. ज्या माणसाला चाळीस निघतात त्याचे पहिले पंचवीस-तीस पुशअप स्नायूच्या दृष्टीने तयारीचेच असतात, खरे काम शेवटच्या पाच-सहांत होते. तुम्ही तेवढ्यावर थांबून आंघोळीला जात असाल, तर दिवसभरात छातीच्या वाट्याला आलेले उपयोगी काम पाच-सहा पुशअपांचेच.

आता वजनाचा हिशेब पाहू. साध्या पुशअपमध्ये शरीराच्या वजनाचा सुमारे ६४ टक्के भार हातांवर येतो, म्हणजे तुमच्या ६८ किलोंपैकी अंदाजे साडेत्रेचाळीस किलो. गुडघे टेकवले तर तो ४९ टक्क्यांवर येतो, म्हणजे तेहतीस किलोंच्या आसपास. पाय एक फूट उंचीवर ठेवले तर ७० टक्के, दोन फूट उंचीवर ठेवले तर ७४ टक्के, म्हणजे पन्नास किलो. उलट हात दोन फूट उंच आणि पाय जमिनीवर असतील तर भार ४१ टक्के एवढाच राहतो. हे आकडे प्रत्यक्ष मोजमापातून आलेले आहेत. एका पैशाचेही साहित्य न घेता केवळ उंची बदलून भार अठ्ठावीस किलोंपासून पन्नास किलोंपर्यंत नेता येतो, हे लक्षात आले की अडीच फुटांची जागा कमी वाटत नाही.

पुढचे सांगण्याआधी एक काम करा. मोबाईल बाजूला टेकवून उद्याच्या चाळीस पुशअपांचे चित्रीकरण करा आणि किती सेकंद लागले ते इथे लिहा.


घोडबंदरकर
९ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

माझे मत थोडे वेगळे आहे. मी गेली तीन वर्षे रोज शंभर पुशअप काढतो, दिवसभरात वाटून, आणि माझ्या छातीत व दंडांत स्पष्ट फरक पडला आहे. रोज ठरलेला आकडा पूर्ण करायचा म्हटले की मन पळवाट शोधत नाही, आणि घरी एकट्याने व्यायाम करणाऱ्याला ही शिस्तच तारते. अवघडाई वाढवायच्या नादात लोक खांदे दुखावून बसतात, हेही मी आमच्याच सोसायटीत पाहिले आहे.


खाडीपलीकडे
९ फेब्रुवारी, रात्री ९.५०

चित्रीकरण केले. चाळीस पुशअपांना ४८ सेकंद लागले. पंधराव्यानंतर कंबर खाली झुकू लागते, आणि छाती जमिनीकडे जेवढी खाली यायला हवी त्याच्या निम्मीही येत नाही. हे मला पाच महिन्यांत एकदाही जाणवले नव्हते.

मग अर्धा तास थांबून पुन्हा केले. तीन सेकंद मोजत खाली आलो, छाती जमिनीपासून मूठभर अंतरावर आल्यावर क्षणभर थांबलो आणि मगच वर गेलो. अशा पद्धतीने चौदा निघाले. पंधराव्याला हात थरथरले आणि मी गुडघ्यांवर आलो.


सागरविहार
९ फेब्रुवारी, रात्री ११.००

तुमचा खरा आकडा चौदा आहे, आणि तो चांगला आकडा आहे. इथून पुढे वाढ होईल.

घोडबंदरकरांच्या म्हणण्यात मोठे तथ्य आहे, ते बाजूला सारू नये. वजन हलके असले तरी थकव्याच्या जवळ जाईपर्यंत काम केले तर स्नायू वाढतात. आपण एका वेळी जास्तीत जास्त जेवढे उचलू शकतो त्याच्या तीस टक्के भारावरही जड वजनाइतकीच वाढ झाल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. ताकद मात्र जड वजनाने अधिक वाढते. जपानमधील एका अभ्यासात काही तरुणांनी आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, पुशअप केले आणि काहींनी तेवढ्याच भाराचा बेंच प्रेस (बाकावर उताणे झोपून वजन वर ढकलणे) केला. दोन्ही गटांच्या छातीची जाडी सारखीच वाढली. त्यामुळे दिवसात शंभर काढणाऱ्याचे प्रत्येक वीस-पंचवीस जर थकवून सोडणारे असतील, तर फरक पडणारच. प्रश्न एवढाच आहे की आज शंभर, वर्षाने दीडशे, मग दोनशे असे करत गेलो तर वेळ फार जातो. बारा-पंधरा पुशअपांतच थकवा येईल अशी रचना केली, तर तेच काम पंचवीस मिनिटांत होते.

शिस्तीबद्दल तुम्ही लिहिले ते मी माझ्या लोकांना वारंवार सांगतो.


तालीमकरी
१० फेब्रुवारी, सकाळी ६.१५

मी नौपाड्यात राहतो. वय ६९. लहानपण सातारा जिल्ह्यातील गावात गेले आणि तेव्हा तालमीत जात असे, म्हणून दोन शब्द लिहितो.

आजची मुले जोर आणि पुशअप हे एकच समजतात, तसे नाही. पुशअपमध्ये अंग फळीसारखे सरळ राहते आणि सरळच खालीवर होते. जोर काढताना आधी कंबर उंच असते, हात आणि पाय जमिनीवर, मान दोन्ही हातांच्या मध्ये. तिथून छाती जमिनीला घासेल इतकी खाली आणत पुढे सरकायचे, मग छाती वर उचलून नजर समोर करायची आणि कंबर पुन्हा मागे उंच न्यायची. नदीत सूर मारून वर यावे तशी ती हालचाल आहे. त्यात खांदे, पाठ, कंबर, पायांच्या मागच्या शिरा सगळ्यांना काम पडते. छातीवर जोरकस भार येतो तो मधल्या टप्प्यात, म्हणजे थोडाच वेळ. म्हणून ज्याला फक्त छाती भरायची आहे त्याने जोरांवर सगळी भिस्त ठेवू नये, पण अंग मोकळे करायला दहा-दहा जोरांचे दोन फेरे यासारखा दुसरा व्यायाम मला ठाऊक नाही.

पैलवान हजारांनी जोर काढत, हे सर्वांना माहीत असते. पण त्या आकड्याबरोबर काय काय असे, ते कोणी सांगत नाही. तालमीत हौदात लाल माती असे, ती तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली, त्यामुळे मनगटांना धक्का बसत नसे. पहाटेच्या मेहनतीनंतर थंडाई आणि दूध, दुपारी पोटभर जेवण आणि त्यावर दोन तास झोप. आमचे वस्ताद झोपेला मेहनतीइतकेच महत्त्व देत. रात्री बारा वाजता धागे वाचून सकाळी साडेपाचला उठणाऱ्या माणसाने त्या आकड्यांशी स्वतःची तुलना करू नये, हे मी काळजीपोटी लिहितो आहे.


घोडबंदरकर
१० फेब्रुवारी, सकाळी ८.३०

काका, जोराचे इतके नेमके वर्णन मी पहिल्यांदाच वाचले. धन्यवाद. सागरविहार, माझे शेवटचे वीस खरोखरच मला थकवतात का, हे आज तपासून पाहीन.


निवांत_नेरुळ
१० फेब्रुवारी, दुपारी ३.१०

धागा पुरुषांच्या छातीबद्दल आहे हे कळते, तरीही लिहिते, कारण माझ्यासारख्या बऱ्याच जणी वाचत असतील. मी ५२ वर्षांची आहे. एका रविवारी पाण्याचा वीस लिटरचा बाटला ओट्यावर उचलता आला नाही, त्या दिवशी हातांत ताकद आणायची असे ठरवले. जमिनीवर एकही पुशअप निघत नव्हता. म्हणून दोन महिने भिंतीला हात टेकवून केले, मग चार महिने स्वयंपाकघराच्या ओट्यावर, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. नंतर सोफ्याच्या कडेवर आले. सागरविहार यांनी टक्केवारी दिली ती वाचून समजले की मी नकळत भारच वाढवत गेले होते. आता जमिनीवर तीन निघतात, पूर्ण, गुडघे न टेकवता. पाण्याचा बाटलाही उचलला जातो.

माझी शंका अशी की बायकांनी हा व्यायाम केल्याने छातीच्या आकारात काही बदल होतो का? माझ्या बहिणीला तशी भीती वाटते.


सांधे_आणि_स्नायू
१० फेब्रुवारी, रात्री १०.०५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बेलापूरला काम करते. आधी निवांत_नेरुळ यांच्या शंकेचे उत्तर देते. स्तन हे ग्रंथी आणि चरबी यांचे बनलेले असतात आणि छातीचा स्नायू त्यांच्या खाली, बरगड्यांवर असतो. व्यायामाने तो खालचा स्नायू बळकट होतो. वरच्या ऊतींचा आकार व्यायामाने थेट वाढतही नाही आणि कमीही होत नाही. एकूण वजन उतरले तर चरबी उतरते, तेवढाच संबंध. शिवाय रजोनिवृत्तीच्या सुमारास हाडांची घनता कमी होऊ लागते, अशा वयात हातांवर भार घेणारा व्यायाम करणे फार मोलाचे आहे. आपल्या बहिणींनाही ओट्यापासून सुरुवात करू द्या.

आता खांद्यांविषयी, कारण माझ्याकडे येणाऱ्यांत पुशअपमुळे खांदा दुखावलेले लोक असतात आणि चूक बहुतेक वेळा एकच असते. वरून पाहिले तर हात आणि धड मिळून इंग्रजी टी अक्षर होईल इतकी कोपरे बाहेर काढली जातात. खाली येताना कोपरे धडापासून साधारण ४५ अंशांवर, फार तर ६० अंशांपर्यंत असावीत, म्हणजे वरून पाहिल्यास बाणाच्या टोकासारखा आकार दिसेल. तळवे खांद्यांपेक्षा थोडे रुंद आणि छातीच्या मध्याच्या रेषेत ठेवा, कानांच्या रेषेत ठेवू नका. हात खूप रुंद ठेवले की छाती जास्त वाढते, असा एक समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात स्नायूंमधील विद्युत हालचाल मोजली तेव्हा हात जवळ ठेवलेल्या पुशअपमध्ये छाती आणि दंडामागचा ट्रायसेप्स, दोन्ही अधिक काम करताना आढळले. रुंद हातांनी हालचालीचा पल्ला मात्र कमी होतो.

मनगटाचे दुखणे असेल तर तळवा पूर्ण मागे वाकवू नका. पुशअपसाठी मिळणारे दांडे धरून किंवा घडी घातलेल्या चटईवर मूठ टेकवून केले तर मनगट सरळ राहते. कंबर झुकते त्यावर उपाय असा की सुरू करण्यापूर्वी नितंब आणि पोट घट्ट करायचे आणि शेवटपर्यंत तसेच ठेवायचे. झुकू लागली की त्या दिवसाचा तो फेरा तिथेच संपला असे समजायचे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छाती जड वाटणे, दाबल्यावर दुखणे हे स्वाभाविक आहे, ते दोन-तीन दिवसांत जाते. खांद्याच्या पुढच्या भागात बोट ठेवून दाखवता येईल असे टोचणारे दुखणे, हाताला मुंग्या येणे, किंवा रात्री त्या कुशीवर झोपता न येणे याला व्यायामाचे दुखणे म्हणू नये. आणि श्रम करताना छातीत दाटून येणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणे, घाम फुटणे यांपैकी काहीही झाले तर पुशअप मोजत बसू नका, ताबडतोब रुग्णालयात जा. रक्तदाब असलेल्यांनी श्वास रोखून जोर लावू नये. वर येताना श्वास सोडावा.

अग्निशमन दलाच्या त्या अभ्यासाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. चाळीस पुशअप निघणे हे एकंदर तंदुरुस्तीचे लक्षण म्हणून तिथे उपयोगी पडले. केवळ आकडा गाठल्याने हृदयाला संरक्षण मिळते, असा त्याचा अर्थ नाही आणि छातीच्या आकाराशी तर त्याचा काहीच संबंध नव्हता.


सानपाड्याची_आई
११ फेब्रुवारी, सकाळी ११.४०

डॉक्टर, माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. त्याची छाती थोडी फुगीर दिसते, मित्र चिडवतात, म्हणून तो कोणाला न सांगता खोलीत रोज पुशअप काढतो. पोहायला जाणेही त्याने बंद केले आहे. त्याने हे थांबवावे का?


सांधे_आणि_स्नायू
११ फेब्रुवारी, दुपारी १.२०

थांबवू नका. या वयात शरीराच्या वजनाचे व्यायाम नीट पद्धतीने केले तर ते सुरक्षित आहेत. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवते. मात्र तो ज्या कारणासाठी हे करतो आहे, ते कारण पुशअपने दूर होईलच असे नाही. वयात येताना हार्मोनच्या बदलांमुळे अनेक मुलांच्या स्तनाग्राखाली ग्रंथीची वाढ होते, हाताला चकतीसारखी लागते, कधी दुखते, आणि बहुतेकांची ती वर्ष-दोन वर्षांत आपोआप उतरते. एका जागेचा व्यायाम करून त्याच जागेची चरबीही कमी होत नाही. त्याला बालरोगतज्ज्ञांकडे एकदा दाखवून आणा आणि हे नैसर्गिक आहे, त्याची चूक नाही, हे त्याला डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. चिडवणाऱ्या मुलांमुळे पोहणे सुटणे ही मला अधिक काळजीची गोष्ट वाटते.


खाडीपलीकडे
११ फेब्रुवारी, रात्री १०.१५

सर्वांचे मनापासून आभार. सागरविहार, आता मला नेमका कार्यक्रम सांगाल का? घरात पलंग आहे, दोन लाकडी पाट आहेत, ऑफिसची सॅक आहे. छातीचा वरचा भाग, आतला भाग असे वेगवेगळे व्यायाम करावे लागतात का, तेही सांगावे.


सागरविहार
१२ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

आतली छाती आणि बाहेरची छाती असे वेगळे व्यायाम नसतात. छातीच्या मोठ्या स्नायूचे तंतू एका टोकाला दंडाच्या हाडाला जोडलेले असतात आणि दुसऱ्या टोकाला पंख्यासारखे पसरून काही गळ्याच्या हाडाला, बाकीचे छातीच्या मधल्या हाडाला व बरगड्यांना. तंतू आखडतो तो टोकापासून टोकापर्यंत, त्यामुळे त्याचा आतला अर्धा भागच वाढवता येत नाही. मध्ये किती फट दिसणार, हे जन्मतः ठरलेले असते. गळ्याच्या हाडाला जोडलेल्या वरच्या तंतूंवर मात्र जास्त भार टाकता येतो, पाय उंच ठेवून.

आठवड्यातून तीन दिवस ठेवा. सोमवार, गुरुवार आणि शनिवार तुम्हाला सोयीचे पडतील. आधी तालीमकरी काकांनी सांगितलेले दहा-दहा जोरांचे दोन फेरे, सावकाश. मग पलंगावर पाय आणि जमिनीवर हात ठेवून पुशअप, चार फेरे. प्रत्येक फेरा अशा ठिकाणी थांबवा की जीव तोडून केले असते तर आणखी एक किंवा दोनच निघाले असते. दोन फेऱ्यांमध्ये दोन ते तीन मिनिटे पूर्ण विश्रांती घ्या. ही विश्रांती लोक खातात आणि तिथेच नुकसान होते, कारण दमलेल्या श्वासाने थांबावे लागते आणि छातीला हवा तेवढा ताण मिळतच नाही. त्यानंतर दोन्ही पाट भिंतीला टेकवून, ते सरकणार नाहीत याची खात्री करून, त्यांवर एकेक हात ठेवा आणि छाती पाटांच्या पातळीच्या खाली जाईपर्यंत उतरा. असे दोन फेरे. ताणलेल्या अवस्थेतील हे काम स्नायूला फार मानवते, पण पहिल्या आठवड्यात जपून खोल जा.

चौथ्या फेऱ्यातही पंधरा निघू लागले की भार वाढवायचा. सॅकमध्ये पाण्याच्या लिटरच्या बाटल्या भरा, एक बाटली म्हणजे एक किलो, हिशेब सोपा. चार बाटल्यांपासून सुरुवात करा. सॅक खांद्याच्या पात्यांवर घट्ट बसली पाहिजे, कमरेवर घसरली तर पाठ दुखेल. पुशअपांची संख्या पुन्हा नऊ-दहावर येईल, ती आली की समजा भार बरोबर आहे.

आणि वही ठेवा. तारीख, फेरे, आकडे, बाटल्या. पाच महिन्यांनी पुन्हा फोटो पाहून आश्चर्य वाटण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी वहीत दिसलेले बरे.


सांधे_आणि_स्नायू
१२ फेब्रुवारी, सकाळी ९.१५

यात ओढण्याचा व्यायाम जोडा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दिवसभर संगणकापुढे वाकून बसणाऱ्याने फक्त ढकलण्याचाच व्यायाम केला तर पाठीचे स्नायू मागे पडतात आणि खांदे आणखी पुढे झुकतात. ठाणे-नवी मुंबईतील अनेक उद्यानांत खुल्या व्यायामशाळा आहेत, तिथे लटकायला बार मिळतो. घरी मजबूत जेवणाचे टेबल असेल तर त्याखाली उताणे झोपून कड धरून छाती टेबलाकडे ओढता येते. टेबल हलके असेल तर हे करू नका, ते अंगावर उलटते. जेवढे फेरे ढकलण्याचे, तेवढेच ओढण्याचे, हा साधा नियम धरा.


वरण_भात_तूप
१२ फेब्रुवारी, रात्री ८.४५

कोणी जेवणाचे लिहिले नाही म्हणून मी लिहितो. मी आहारशास्त्र शिकलो आहे आणि घर शाकाहारी आहे, त्यामुळे ही अडचण रोज जगतो.

आपल्याकडील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६८ किलोंच्या माणसाला ५६ ग्रॅम. स्नायू वाढवायचे असतील तर १.६ ग्रॅमपर्यंत घेतल्याने फायदा होतो, म्हणजे सुमारे १०९ ग्रॅम. पोळी, भाजी, वरण, भात या ताटात चाळीस-पन्नासच्या वर जाणे कठीण असते, आणि आपल्याला मात्र वरण खाल्ले म्हणजे प्रथिने झाली असे वाटते. वाटीभर पातळ वरणात कोरडी डाळ पंचवीस-तीस ग्रॅमच असते आणि तिच्यातून मिळतात सहा-सात ग्रॅम.

शाकाहारात हे कसे बसवायचे? पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत २६ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८, अर्धा लिटर दुधात १६, दोन्ही वेळच्या घट्ट वरण-उसळीत मिळून १४, चार पोळ्यांत १२, मूठभर शेंगदाण्यांत ७-८ आणि वाटीभर दह्यात ६ धरले तर शंभराच्या आसपास पोहोचता येते. अंडी खाणाऱ्याला एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात. मासे खाणाऱ्यांचे काम त्याहून सोपे. शंभर ग्रॅम बांगड्यात वीसच्या जवळपास. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे प्रमाण वाढवू नये.

सकाळी साडेसातला निघणाऱ्या माणसाचा नाश्ता बहुतेक वेळा चहा-बिस्किटांचा असतो. तिथे एक ग्लास दूध आणि मुगाचे दोन डोसे आले, तरी दिवसाचा हिशेब बदलतो.


खाडीपलीकडे
१२ फेब्रुवारी, रात्री ११.०५

नाश्त्याबद्दलचा अंदाज अचूक आहे. सोमवारपासून सुरू करतो. छाती शिथिल असताना ९२ सेंटीमीटर आहे, ही नोंद इथेच ठेवतो.


खाडीपलीकडे
१७ मे, सायंकाळी ६.३०

तेरा आठवडे झाले, म्हणून परत लिहितो आहे.

एकोणचाळीस दिवसांपैकी तेहतीस दिवस व्यायाम झाला. मार्चअखेरीस कामाच्या गडबडीत चार दिवस आणि तापाने दोन दिवस बुडाले. पहिल्या सोमवारी पाय पलंगावर ठेवून ११, ९, ८, ७ असे निघाले होते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चौथ्या फेऱ्यातही पंधरा निघाले, तेव्हा सॅकमध्ये चार बाटल्या आल्या. आता सात आहेत आणि १२, ११, १०, ९ निघतात. छाती ९२ वरून ९४.५ सेंटीमीटर झाली, वजन ६९.३ किलो. कमरेचे माप तेच आहे. सांधे_आणि_स्नायू यांच्या सांगण्यावरून दर रविवारी उपवन तलावाजवळ फिरायला जातो तेव्हा बारला लटकतो आणि घरी टेबलाखालचे फेरे करतो, त्यामुळे मापातला काही वाटा पाठीचाही असणार. पण आरशात समोरून पाहिले तर गळ्याच्या हाडाखालचा सपाट भाग भरलेला दिसतो, आणि तो फरक पत्नीने मी काही न सांगता ओळखला.

मे महिन्याच्या उकाड्यात लादीवर घामाने तळवे सरकू लागले होते, म्हणून रबरी चटई घेतली. पावसाळ्यात लादी ओलसर राहते तेव्हाही ती लागेलच.

सोडायला सगळ्यांत अवघड गेला तो चाळीसचा आकडा. पहिले तीन आठवडे अकरा-बारावर थांबताना आपण मागे जातो आहोत असे वाटत होते, आणि दोनदा मी व्यायामाच्या शेवटी जुन्या पद्धतीने भराभर चाळीस काढून पाहिले. आता वहीतल्या बाटल्यांचा रकाना आधी पाहतो.

पुढचा प्रश्न : दहा बाटल्यांनंतर सॅकमध्ये जागा उरणार नाही. मग काय करावे?


सागरविहार
१७ मे, रात्री ९.१०

वाचून खूप आनंद झाला. पुढे बाटल्यांऐवजी वाळूच्या पिशव्या घ्या, तेवढ्याच जागेत दीडपट वजन बसते. त्याच्याबरोबर एक हात पाटावर आणि दुसरा जमिनीवर ठेवून पुशअप सुरू करा, दोन्ही बाजूंना सारखे फेरे. जमिनीवरच्या हातावर जास्त भार येतो. खांदा कुरकुरला तर पाट काढून टाका आणि इथे लिहा.


तालीमकरी
१८ मे, सकाळी ६.०५

शाब्बास. रविवारी उपवनला मीही असतो, सहा ते सात. जोर बरोबर निघतात का ते दाखवायला या.


निवांत_नेरुळ
१८ मे, दुपारी २.५०

माझे आता सात निघतात. बहीण ओट्यापर्यंत आली आहे.